मॉड्यूलपाथ (पपेट)

पपेट या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनाने मॉड्यूल (एखाद्या कामाच्या कोडचा आणि फाइलींचा संच) कोणकोणत्या डिरेक्टरींत शोधायची, त्या डिरेक्टरींची क्रमवार यादी म्हणजे मॉड्यूलपाथ. लिनक्सवर यादीतली नावे कोलनने वेगळी करतात, विंडोजवर सेमीकोलनने. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटची (म्हणजे यंत्रांच्या एका गटासाठी वेगळ्या ठेवलेल्या कोडची) यादी वेगळी असू शकते. ती त्या एन्व्हायर्नमेंटच्या ‘एन्व्हायर्नमेंट.कॉन्फ’ फाइलमध्ये लिहितात.

यादी चुकली की पपेटचा सर्व्हर कॅटलॉग (एखादे यंत्र कसे असावे हे सांगणारा तपशील) तयार करताना अडतो आणि ‘क्लास (म्हणजे पपेट-कोडचा नाव दिलेला भाग) सापडला नाही’ एवढेच सांगतो. कुठे शोधले, ते सांगत नाही. यादीतली एखादी डिरेक्टरी डिस्कवर नसेल, तर तीही मुकाट्याने गाळली जाते. त्यामुळे माणूस तासन्‌तास क्लासचा कोड तपासत बसतो आणि कोड मात्र बिनचूक असतो.

शोधाची रीत ठरलेली आहे. ‘एनटीपी::सर्व्हिस’ हा क्लास हवा असेल, तर आधी ‘एनटीपी’ नावाची डिरेक्टरी, तिच्यात ‘मॅनिफेस्ट्स’ आणि त्यात ‘सर्व्हिस.पीपी’ ही फाइल लागते. इथेच एक नेहमीची चूक होते. हे मॉड्यूल गिटवरून क्लोन केले (म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतली), तर डिरेक्टरीचे नाव ‘पपेटलॅब्स-एनटीपी’ असे येते. मॉड्यूलच्या नावात आडवी रेघ चालत नाही, म्हणून सगळ्या फाइली जागेवर असूनही पपेटच्या लेखी ते मॉड्यूल नसतेच. डिरेक्टरीचे नाव नुसते ‘एनटीपी’ केले की काम होते.

एकाच नावाची दोन मॉड्यूल असतील, तर यादीत आधी येणारे घेतले जाते. त्या प्रतीत हवा तो क्लास नसला, तरी पपेट पुढच्या डिरेक्टरीत डोकावत नाही. २०१५ साली आलेल्या पपेट ४ ने तर मुक्कामच हलवला: ‘/इटीसी/पपेट’ सोडून कोड ‘/इटीसी/पपेटलॅब्स/कोड’खाली गेला. जुनी मार्गदर्शिका वाचून जुन्या जागी ठेवलेली मॉड्यूल आपोआप सापडत नाहीत.

तपासाची सुरुवात अंदाजाने न करता थेट पपेटलाच विचारून करावी. ‘पपेट कॉन्फिग प्रिंट मॉड्यूलपाथ’ या आज्ञेला सर्व्हरचा सेक्शन (सेटिंग्जमधला विभाग) आणि नेमके एन्व्हायर्नमेंट जोडून द्यावे, कारण नोड (पपेट सांभाळत असलेले यंत्र) ‘प्रॉडक्शन’ या एन्व्हायर्नमेंटमध्येच आहे असे गृहीत धरणे महागात पडते. आज्ञा रूट म्हणून चालवावी. साध्या वापरकर्त्याने चालवली, तर पपेट त्याच्या होम डिरेक्टरीतली सेटिंग्ज वाचते आणि भलताच पाथ दाखवते. या एका गोष्टीने अनुभवी लोकही फसतात. पाथ बरोबर निघाला, तर सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला त्या फाइली वाचता येतात का ते पाहावे.

आर१०के (गिटमधला पपेट-कोड सर्व्हरवर उतरवणारे, म्हणजे डिप्लॉय करणारे साधन) वापरणाऱ्यांकडे मॉड्यूल काल होते आणि आज नाही, असेही घडते. पपेटफाइलमध्ये (हव्या असलेल्या मॉड्यूलच्या यादीच्या फाइलमध्ये) नोंद नसलेले, ‘मॉड्यूल्स’मध्ये हाताने टाकलेले मॉड्यूल पुढच्या डिप्लॉयला पुसले जाते. म्हणून स्वतःची मॉड्यूल ‘साइट-मॉड्यूल्स’ या वेगळ्या डिरेक्टरीत ठेवतात आणि तिचे नाव मॉड्यूलपाथमध्ये सर्वांत आधी लिहितात.