चार मीटरची फूटपट्टी: आपल्या फॅमिली कारचा आकार आला कुठून

अँबेसेडर-पद्मिनीचा काळ पटकन उरकतो, त्यावर भरपूर लिहून झालंय. एवढंच लक्षात ठेवा, की पुढे सलग सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढेही तिघं मावायचे, आणि इंजिन पुढे पण ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मागे मधे बसणाऱ्याच्या पायाखाली तो उंचवटा यायचा (घरातलं सगळ्यात लहान पोर तिथेच). 1983 ला मारुती 800 आली, इंजिन आडवं बसवलं, ताकद पुढच्या चाकांना दिली, मागे जाणारा लांब शाफ्टच गेला आणि साडेतीन मीटरच्याही आत चार माणसं बसायला लागली. 1998 ची सँट्रो उंचीकडे वळली, वाकून आत शिरायची गरज उरली नाही, गुडघे दुखणाऱ्यांची सोय झाली. इथपर्यंत डिझाइन म्हणजे डिझाइन होतं.

2006 च्या बजेटमधे छोट्या गाड्यांची एक्साइज (गाडी बनवण्यावरचा केंद्राचा कर) 24 वरून 16 टक्के केली आणि छोटी म्हणजे काय तेही ठरवलं: लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. आता वजन नाही, मायलेज नाही, धूर नाही, लांबीच का धरली हे मला आजवर पटलेलं नाही. मग 2008 ला इंडिगो सीएस आली, सेडानच (मागे वेगळी डिकी असलेली गाडी) पण मागून छाटलेली. 2012 ला डिझायर 4160 वरून 3995 वर आली, डिकी 440 लिटरची 316 झाली. बाजूने बघा, मागचं दार संपतं तिथेच काच खाली उतरते आणि डिकी उगाच चिकटवल्यासारखी वाटते. डिझायनरला दोष देऊन काय उपयोग, त्याच्या हातात टॅक्सने आखलेली पट्टी होती.

त्याहून मोठा घोळ एसयूव्ही या शब्दाचा. 2013 च्या बजेटमधे एसयूव्हीवर जास्त कर लावला आणि व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन 1500 सीसीच्या वर, ग्राउंड क्लिअरन्स (म्हणजे जमीन ते गाडीचं पोट हे अंतर) 170 मिलिमीटर किंवा जास्त, आणि तिन्ही एकदम हवं. म्हणजे त्याच वर्षी आलेली 3999 मिलिमीटरची इकोस्पोर्ट जाहिरातीत एसयूव्ही, करापुरती मात्र नाही! एका मोठ्या गाडीचं तर एक मॉडेल खाली बसवून 160 वर आणलं, का ते सांगायला नको. जीएसटीतही तीच भानगड राहिली, शेवटी 2023 ला ठरलं की नाव काहीही असू दे, ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा, कारण माणसं-सामान भरून मोजलं की आकडा खाली येतो.

सप्टेंबर 2025 मधे दर बदलले, छोट्या गाड्यांना 18, बाकीच्यांना 40 टक्के, वरचा सेस (जादा कर) गेला. छोटीची व्याख्या मात्र तीच, चार मीटर, 1200, 1500. इलेक्ट्रिकला लांबी कितीही असो 5 टक्केच, तिथे ही पट्टी लागतच नाही. तरी नेक्सॉनची इलेक्ट्रिक चार मीटरच्या आतच आहे, कारण अंग पेट्रोलवालीचंच.