हौदा काढून फ्लॅटबेड बसवताय? आधी काट्याचं गणित बघा

पिकअपला सपाट प्लॅटफॉर्म बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता माल किती बसेल?" जागेचं म्हणाल तर भरपूर. पाइप, प्लायवूड, पाण्याच्या टाक्या तिन्ही बाजूंनी चढवता येतात. वजनाचं म्हणाल तर बहुधा पूर्वीपेक्षा कमीच.

आरसीवरचं ग्रॉस वजन, म्हणजे गाडी, माणसं आणि माल मिळून परवानगी असलेलं एकूण वजन, हौदा बदलल्याने वाढत नाही. कमानीत (चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन पाटे जादा टाकल्यानेही नाही. त्याने गाडी कमी बसते, पासिंग (मंजूर वजन) तेवढंच राहतं. समजा, ग्रॉस 2,950 किलो आणि रिकामी गाडी 1,650. म्हणजे माल 1,300. नवा प्लॅटफॉर्म जुन्या हौद्यापेक्षा 90 किलोने जड निघाला, तर उरले 1,210. रिकाम्या वजनात कायद्याने ड्रायव्हर-क्लीनर धरत नाहीत, वजनकाट्यावर मात्र ते गाडीतच असतात. दोघांचे 140 वजा केले की हातात 1,070.

म्हणून "4 मिलीचाच पत्रा टाका" म्हणणाऱ्यांना आम्ही आधी थांबवतो. 9 बाय साडेपाच फुटांच्या तळाला 3 मिलीचा साधा पत्रा साधारण 108 किलो भरतो, 4 मिलीचा 144. हे 36 किलो दर फेरीला तुमच्या मालातून जातात. रोज लोखंड किंवा दगड वाहणार असाल तरच जाड पत्रा घ्या.

बॉडीतल्या बदलाला आरटीओची परवानगी आधी घ्यायची, आणि काम झाल्यावर 14 दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमती आणा. त्याशिवाय आम्ही हौद्याचा एक बोल्टही सैल करत नाही, रागावू नका.

वाटेत अधिकाऱ्याने काटा करायला सांगितलं, तर जावं लागतं. पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आतला काटा ते दाखवू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. जादा माल तिथेच उतरवायचा, हमालीही तुमचीच. गाडी न थांबवता पळवली किंवा काटा करायला नकार दिला, तर 40,000.

फ्लॅटबेडवाले सापडतात ते बहुतेक दुसऱ्याच कारणाने. फाळका (हौद्याची उभी फळी) नाही म्हणून सळ्या मागे लोंबतात, पत्रे बाजूने बाहेर येतात. वजन बरोबर असलं तरी मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला वेगळे 20,000 आहेत. शिवाय जड माल मागच्या चाकांच्याही मागे रचला, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. ते काट्याच्या पावतीवर दिसत नाही, घाटात कळतं.

गाडी ताब्यात देताना आम्ही तुमच्यासमोर रिकामी गाडी काट्यावर घेतो. ती पावती आरसीसोबत गाडीतच ठेवा, घरच्या कपाटात नको.