धर्म आणि नीती

काय चांगले आणि काय वाईट, हे ठरवताना धर्मश्रद्धेवर कितपत विसंबावे, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न. मराठीत तो विचारतानाच अडखळायला होते, कारण ‘धर्म’ हा शब्द आपण उपासनापंथाला लावतो तसा कर्तव्यालाही लावतो; शेजारधर्म पाळायला कुठल्याच देवावर श्रद्धा असावी लागत नाही. या नोंदीत पहिला अर्थ घेतला आहे.

प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो: एखादे कृत्य देवांना आवडते म्हणून पवित्र, की ते पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिले धरले तर देवाची मर्जी फिरताच क्रौर्यही पुण्य ठरेल. दुसरे धरले तर चांगुलपणाचे माप देवाच्याही आधीपासून आहे. इस्लामी विचारवंतांत मुअतझिली आणि अशअरी या दोन विचारपंथांत हाच वाद झाला. मुअतझिलींच्या मते भलेबुरे बुद्धीला कळू शकते. अशअरींच्या मते ते ईश्वराच्या आज्ञेनेच ठरते. युक्तिवादापुरते पाहिले तर मुअतझिलींची बाजू अधिक भक्कम वाटते. पण माणसे युक्तिवाद ऐकून चांगली होतात असे कुठे आहे?

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या इतिहासात धर्माची दोन्ही रूपे दिसतात. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट ख्रिस्ती चर्चांची संघटना वेगळी झाली. गुलामगिरीचे समर्थन बायबलच्या आधारे केले जात होते. या संघटनेने त्याबद्दल माफी मागितली ती १९९५ मध्ये. उलट, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे १६८८ मध्येच चौघांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेपुढे गुलामगिरीचा लेखी निषेध मांडला होता. त्यांचा आधारही धर्माचाच होता: लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे. तो कागद बाजूला ठेवला गेला. ग्रंथ एकच असूनही कोणते वचन उचलायचे हे वाचणाराच ठरवतो आणि ती निवड ग्रंथ त्याच्यासाठी करून देत नाही. धर्माला नीतीचा एकमेव उगम मानता येत नाही तो यामुळेच.

तरीही धर्माचे मोल कमी लेखणे चूक ठरेल. जॉन वूलमन हा क्वेकर तरुण कारकुनी करत असताना मालकाने त्याला एका काळ्या स्त्रीचे विक्रीपत्र लिहायला सांगितले. त्याने ते लिहिले, पण गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्माला धरून नाही, हेही तिथेच बोलून दाखवले. ती बोच त्याच्या मनातून पुढेही गेली नाही. नंतर तो गुलाम बाळगणाऱ्या धर्मबांधवांच्या घरोघरी जाऊन त्यांना समजावत राहिला. त्यांच्याकडे उतरला की तिथल्या गुलामांना सेवेचे पैसे देऊ करी. परक्या माणसाला त्या दारांत कुणी उभे केले नसते. वूलमन आपला होता, त्यांच्याच सभेत बसणारा, त्यांच्याच शब्दांत बोलणारा. क्वेकरांच्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास बंदी केली १७७६ मध्ये, जर्मनटाउनच्या निषेधानंतर ८८ वर्षांनी. वूलमन त्याआधी चार वर्षे वारला होता.