नोकरीनंतरचा समुद्र: शिडाच्या बोटीच्या तयारीमागचा इतिहास

पन्नाशी-साठीत नोकरी सोडायची, घर भाड्याने द्यायचं आणि तीस-चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर राहून वर्षानुवर्षं समुद्र हिंडायचा, ही कल्पना युरोप-अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आता कुणाला वेडगळ वाटत नाही. कॅनरी बेटांवरून दर हिवाळ्यात शेकडो बोटी अटलांटिक ओलांडायला सुटतात आणि त्यांतल्या अनेकांवर नुकतीच नोकरी सोडलेली जोडपी असतात. निघण्याआधीची तयारी मात्र दोन-तीन वर्षं सहज खाते. डोलकाठीचे तारदोर बदलायचे, सुकाणू उतरवून तपासायचं, नांगर मोठा घ्यायचा, सौर पॅनल, बॅटऱ्या, गोड्या पाण्याचं यंत्र, लाइफराफ्ट म्हणजे जीव वाचवायचा तराफा. ही यादी दुकानदारांनी लिहिल्यासारखी वाटते, पण तिच्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुणीतरी भर समुद्रात सोसलेल्या अडचणीतून आली आहे.

छोट्या बोटीतून जगभर फिरण्याची सुरुवातच मुळी बेकारीतून झाली. जोशुआ स्लोकम हा मोठ्या शिडाच्या व्यापारी जहाजांचा कप्तान. आगबोटी आल्या आणि त्याच्यासारख्यांची कामं गेली. १८९२ मध्ये एका ओळखीच्या कप्तानाने त्याला ‘स्प्रे’ नावाची जुनी बोट देऊ केली. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन इथे ती कित्येक वर्षं एका कुरणात टेकू देऊन उभी होती. स्लोकमने जवळच्या ओकच्या झाडापासून नवी कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, घडवली आणि एकेक फळी, एकेक फासळी बदलत गेला. १३ महिने काम चाललं, साहित्याला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. बोट ३६ फूट ९ इंच लांब. २४ एप्रिल १८९५ ला त्याने बॉस्टन सोडलं तेव्हा तो ५१ वर्षांचा होता आणि १८९८ च्या जूनमध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून परतला.

त्याच्या तयारीत एक निवड फार बोलकी आहे. जहाजावरचं अचूक घड्याळ दुरुस्त करायला १५ डॉलर लागणार होते, म्हणून ते त्याने घरीच ठेवलं आणि वाटेत एक डॉलरचं पत्र्याचं घड्याळ घेतलं. पैसा आणि कष्ट गेले ते सगळे बोटीच्या लाकडात. त्याचं फळही मिळालं. ऑस्ट्रेलियाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्याने २३ दिवसांत कापले आणि त्यात सुकाणूवर त्याला एकूण तीन तासही बसावं लागलं नाही. शिडांचा तोल साधून सुकाणू बांधून ठेवलं की स्प्रे आपली वाट धरून चालायची.

त्याच सुमारास नॉर्वेतल्या लार्विकला कॉलिन आर्चर मच्छीमारांच्या बचावासाठी बोटी आखत होता. दोन्ही टोकं निमुळती, पोट भरदार, वजन भरपूर. वेगापेक्षा वादळात तगून राहणं महत्त्वाचं. याच घडणीवरून अमेरिकेत विल्यम ॲटकिनने १९२० च्या दशकात ३२ फुटी ‘एरिक’चा आराखडा केला आणि तो आराखडा चाळीसेक वर्षांनी आपल्या मुंबईत येऊन पोचला. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत काम करणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आणि त्याचे सोबती बोट बांधू पाहत होते. त्यांची बोट ‘सुहैली’ मुंबईतच सागवानात बांधली गेली. इथल्या सुतारांनी वाकसाने लाकूड तासलं आणि दोरीने फिरवायच्या सामत्यांनी भोकं पाडली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली.

त्या सुतारांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघून ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण झाली, ती त्यांच्या हातच्या बोटीवर. त्यासाठीच्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत नऊ जण उतरले होते. पोचली एकटी सुहैली. वाटेत तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने पाण्याखाली डुबक्या मारून सांध्यांत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या, रेडिओ बंद पडला. सागवान टिकलं.

ॲटकिनच्या त्याच आराखड्याचं सत्तरच्या दशकात फायबरग्लासमध्ये रूपांतर झालं. कॅलिफोर्नियात ‘वेस्टसेल ३२’ नावाने अशा आठशेहून अधिक बोटी निघाल्या, काही तर अर्धवट, बाकीचं घरी पुरं करायचं अशा. शिड-सफरीची दारं सामान्य पगारदारासाठी उघडली ती इथे. त्याआधी १८७६ मध्ये इंग्लंडमधल्या श्रीमंत ब्रासी कुटुंबाने ‘सनबीम’वरून जगाची फेरी केली होती, पण त्यांच्या दिमतीला खलाशी-नोकरांचा मोठा ताफा होता. फायबरग्लास एकाच साच्यातून पुन्हा पुन्हा काढता येतं, कुजत नाही, कीड लागत नाही. म्हणून आज निवृत्त होणाऱ्या माणसाने घेतलेली बोट बरेचदा त्याच्या नोकरीहूनही जुनी असते आणि तयारीतलं मोठं काम म्हणजे त्या म्हाताऱ्या बोटीचं नूतनीकरण.

बोट बळकट झाली तरी सुकाणू धरणार कोण, हा प्रश्न उरतोच. दोनच माणसं असतील तर रात्रंदिवस आळीपाळीने सुकाणूवर बसून आठवड्याभरात दोघंही गळून जातात. सगळ्याच बोटी स्प्रेसारख्या आपोआप सरळ चालत नाहीत. याचं उत्तर ब्लाँडी हॅस्लरने शोधलं. दुसऱ्या महायुद्धात छोट्या होड्यांतून शत्रूच्या बंदरावर छापा घालणाऱ्या ब्रिटिश मरीनच्या तुकडीचा तो नायक. १९६० च्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या पहिल्या शर्यतीत पाच बोटी उतरल्या. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोचून पहिला आला आणि हॅस्लर ४८ दिवसांत दुसरा. दोघांच्याही बोटी वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राने स्वतःच दिशा धरत होत्या. हॅस्लरने पुढे ज्या पद्धतीत सुधारणा केली, ती आजही जवळपास तशीच आहे. बोट वाऱ्याच्या मूळ कोनापासून ढळली की मागच्या बाजूचं हलकं पातं कलतं आणि पाण्यात सोडलेलं दुसरं पातं थोडं वळवतं. धावत्या पाण्याचा जोर त्या दुसऱ्या पात्याला बाजूला ढकलतो आणि त्याला बांधलेले दोर सुकाणू ओढून बोट परत मूळ दिशेवर आणतात. वीज लागत नाही, वारा जितका जास्त तितकी ताकद जास्त. दोघांनीच दूर जायचं असेल तर हे यंत्र, माझ्या मते, यादीत इंजिनच्याही वर असावं.

यादीतल्या सुरक्षिततेच्या बऱ्याच ओळी एका रात्रीने लिहिल्या. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यतीतल्या ३०३ बोटींना वादळाने गाठलं आणि १५ स्पर्धक दगावले. चोवीस बोटी सोडून द्याव्या लागल्या, पण त्यांतल्या १९ नंतर तरंगतच सापडल्या. तेव्हापासून अनुभवी माणसं सांगतात की बोट खरोखर पायाखालून जात असेल तेव्हाच राफ्टमध्ये उतरा. केबिनच्या दाराच्या फळ्या आतून-बाहेरून अडकवता येतील अशा करणं, कमरेचा पट्टा अडकवायला पक्क्या कड्या बसवणं, बोट कलंडली तर परत सरळ होईल का याचा हिशेब मांडणं, ही कामं त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर नियमांत आली.

नांगराबद्दल लोक कमी बोलतात, पण सफरीवरच्या बोटी शिडांवर चालण्यापेक्षा नांगरावरच जास्त दिवस असतात. १९३३ मध्ये द्रवगतिशास्त्रातला मोठा गणितज्ञ जी. आय. टेलर याने शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, हलका ‘सीक्यूआर’ नांगर काढला. तो स्वतः शिडाची बोट चालवायचा. जड लोखंडावर भिस्त न ठेवता तळात रुतून धरणारा नांगर, ही त्यामागची कल्पना, आणि नंतरचे नवे नांगर तिच्याच वाटेने गेले.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तयारीचा केंद्रबिंदू लाकडा-शिडांकडून विजेकडे सरकला आहे. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये लोब आणि सुरीराजन यांनी खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळं करणारी पातळ झिल्ली बनवली. त्या तत्त्वावरची यंत्रं लहान झाली आणि बोटींवर आली. पण समुद्राचं पाणी झिल्लीतून ढकलायला सुमारे ५५ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास ५५ पट दाब लागतो, म्हणजे पंप आला, म्हणजे वीज आली. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसचे मुद्दाम बिघडवलेले संकेत सुधारले आणि सूर्य-ताऱ्यांवरून ठिकाण काढायचं सेक्स्टंट कपाटात गेलं. फ्रीज, ऑटोपायलट आणि उपग्रहावरचं इंटरनेट आल्यावर सौर पॅनल आणि लिथियम बॅटऱ्यांशिवाय भागेना. शिशाच्या बॅटरीची निम्मीच ताकद बिनधास्त वापरता येते, लिथियमची बहुतेक सगळी, म्हणून खर्च करूनही लोक तिकडे वळतात. हे सगळं उपयोगी आहे. तरी पैसे मोजके असतील तर ते आधी तारदोर, सुकाणू आणि नांगरात जावेत असं मला ठामपणे वाटतं, कारण फ्रीज बंद पडला तर जेवण बिघडतं, डोलकाठी पडली तर प्रवासच संपतो.

मार्ग आणि मोसम ठरवणं हाही तयारीचा भाग. कॅरिबियनमधल्या चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर, म्हणून अटलांटिक त्यानंतर ओलांडतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये उलट, नोव्हेंबर ते एप्रिल टाळतात. माणसांची भीती वेगळी. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानकडे निघालेली ‘क्वेस्ट’ सोमाली चाच्यांनी पकडली आणि तिच्यावरचे चारही अमेरिकन मारले गेले. पुढची बरीच वर्षं हिंदी महासागरातल्या बोटी तांबडा समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात राहिल्या.

भारतात ही परंपरा नोकरीबाहेर नव्हे, नौदलाच्या नोकरीतच वाढली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या आग्रहातून शिडाच्या बोटीने जगप्रदक्षिणा करण्याची नौदलाची ‘सागर परिक्रमा’ मोहीम उभी राहिली, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले आणि अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये तीच फेरी न थांबता केली. त्याच कारखान्यात सुहैलीची प्रतिकृती ‘थुरीया’ही घडली. २०१८ मध्ये पुन्हा भरलेल्या गोल्डन ग्लोबमध्ये वादळात तिच्यावर टॉमींच्या पाठीचा कणा मोडला. नंतर त्यांनी नौदल सोडलं आणि २०२२ च्या शर्यतीत ‘बायानात’ नावाच्या बोटीने पुन्हा उतरले. नियम १९६८ चे, म्हणजे जीपीएस नाही, सुकाणूला वाऱ्याचंच यंत्र. ते वाटेत मोडलं तेव्हा त्यांनी शौचालयाचं दार कापून नवं पातं तयार केलं आणि शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.