फोनवर नीट दिसणारं पान आणि गूगलने नीट वाचलेलं पान

वेबसाइट तयार झाली की मालक आधी ती स्वतःच्या फोनवर उघडतो. अक्षरं वाचता येतात, बटणं बोटाला सापडतात, पान आडवं सरकवावं लागत नाही. मग मोबाइलचं काम झालं असं तो समजतो. पण त्याने तपासलं ते फक्त पान मोबाइल-फ्रेंडली आहे का, एवढंच. मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग, म्हणजे पानाची मोबाइल आवृत्ती वाचून ती गूगलच्या साठ्यात (इंडेक्समध्ये) नोंदवणं, हा वेगळा विषय आहे. एकीकडे वाचकाची सोय बघायची असते, दुसरीकडे गूगलने आपल्या साठ्यात काय उतरवून घेतलं ते.

दोन्ही गोष्टी आल्याही पाठोपाठ. २१ एप्रिल २०१५ पासून गूगल फोनवरच्या निकालांत मोबाइल-फ्रेंडली पानांना झुकतं माप देऊ लागलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोबाइल-फर्स्टची घोषणा झाली आणि ते काम पूर्ण झाल्याचं गूगलने सांगितलं थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. यातला ‘फर्स्ट’ हा शब्द फार फसवतो. मोबाइलसाठी निराळा इंडेक्स नसतोच. इंडेक्स एकच, आणि त्यात जाते ती पानाची मोबाइल आवृत्ती. लॅपटॉपवर शोधणाऱ्यालाही त्याच मजकुराच्या आधारावर निकाल मिळतात.

समजा, दापोलीजवळ एक होमस्टे आहे. त्याच्या डेस्कटॉपच्या पानावर खोल्यांचे दर आहेत, खेड स्टेशनवरून कसं यायचं ते आहे, जेवणाची माहिती आहे. मोबाइलसाठी वेगळं पान करताना ‘फोनवर एवढं कोण वाचतं’ म्हणून फक्त फोटो आणि फोन नंबर ठेवला. पान देखणं झालं, पण खेडहून येण्याचा मजकूर गूगलच्या लेखी उरलाच नाही. मोबाइलसाठी मजकूर कापणं हे मला वेबसाइटचं सर्वांत मोठं नुकसान वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. याच्या उलटही घडतं. बारीक अक्षरांचं, स्क्रीनबाहेर जाणाऱ्या तक्त्याचं पान वाचकाला छळतं, तरी इंडेक्समध्ये पूर्ण असू शकतं.

जागा वाचवायची तर मजकूर घडी घालून ठेवावा. तो पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या कोडने बनतं त्यात, असेल तर गूगल वाचतं. मात्र ‘आणखी वाचा’ दाबल्यावरच सर्व्हरवरून येणारा मजकूर गूगलबॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, मिळत नाही, कारण तो बटणं दाबत नाही.

तपासायचं कसं? बरेच जण गूगलमध्ये ‘साइट’, अपूर्णविराम आणि पत्ता टाकून बघतात. त्यातून पान साठ्यात असल्याचा अंदाज येतो, पण कोणती आवृत्ती घेतली ते कळत नाही. त्यासाठी सर्च कन्सोल हे गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन हवं. ते मोफत आहे, फक्त साइट आपलीच असल्याचं सिद्ध करावं लागतं. तिथे ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पानाचा पत्ता टाका. ‘क्रॉल्ड अ‍ॅज’समोर (पान कोणत्या बॉटने वाचलं ते) बहुधा ‘गूगलबॉट स्मार्टफोन’ दिसेल. मग ‘व्ह्यू क्रॉल्ड पेज’ उघडून त्या एचटीएमएलमध्ये आपल्या मजकुरातलं एखादं वाक्य शोधा, शक्यतो पानाच्या मधलं. मिळालं नाही तर ते गूगलपर्यंत पोचलेलं नाही. ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबून समाधान मानू नका. ती चाचणी पानाची आत्ताची स्थिती दाखवते, साठ्यातली नाही. मोबाइलच्या पानावर ‘नोइंडेक्स’ (हे पान साठ्यात घेऊ नका, असा आदेश) चुकून राहिलेला नाही ना, तेही इथेच कळतं.

पान मोबाइल-फ्रेंडली आहे का, हे पाहणारी गूगलची स्वतःची चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्या कामाला आता क्रोममधलं लाइटहाउस हे पान तपासायचं साधन वापरता येतं.

मजकूर परत घातल्यावर ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ करा आणि काही दिवसांनी ‘लास्ट क्रॉल’ची तारीख बघा. ती तुमच्या दुरुस्तीनंतरची असेल, तर तेच वाक्य एचटीएमएलमध्ये पुन्हा शोधा.