एकट्या नराचं कोडं

पनामाच्या जंगलात कोआटींची टोळी आधी ऐकू येते, मग दिसते. वाळक्या पाचोळ्यात खसखस, माती उकरल्याचा आवाज, मधूनच पिल्लांची किरकिर. मग झुडपांच्या वर शेपट्या दिसू लागतात, सरळ उभ्या. दहा, पंधरा, कधी त्याहूनही जास्त. अंग झुडपात दडलेलं असतं आणि शेपट्या तेवढ्या पुढे सरकत राहतात.

कोआटी हा रॅकूनच्या कुळातला प्राणी, पण आपल्यापैकी कुणी पाहिला तर पहिल्यांदा मुंगूसच म्हणेल. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनेही १७६६ मध्ये त्याला नाव देताना मुंगूस-उदमांजरांच्याच गटात घातलं होतं. इथे सांगतोय तो पांढऱ्या नाकाचा कोआटी. अमेरिकेतल्या ॲरिझोनापासून मेक्सिको, कोस्टा रिका, पनामापर्यंत तो आढळतो. त्याचं लांब, लवचिक नाक सारखं वळवळत असतं. पाचोळ्याखाली किडा हुंगला की पुढच्या पंज्यांची लांब नखं कामाला लागतात. केसाळ कोळी किंवा सुरवंट हाती लागला, तर कोआटी तो लगेच तोंडात टाकत नाही. पंज्यांखाली जमिनीवर घोळवून घोळवून त्याचे खाजरे केस काढतो आणि मगच खातो. घोटे मागे वळत असल्यामुळे आपल्या शेकरूसारखा तो झाडावरून डोकं खाली करून उतरतो.

पनामात त्याला ‘गातो सोलो’, म्हणजे ‘एकटं मांजर’ म्हणतात. टोळीने हिंडणाऱ्या प्राण्याला हे नाव कसं पडलं? कारण जंगलात एकटे फिरणारे, अंगाने थोराड कोआटीही भेटतात. अभ्यासकही बराच काळ या एकट्यांना वेगळीच जात समजत होते.

कोडं सुटलं ते बारो कोलोराडो बेटावर. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, तेव्हा १९१३ च्या सुमारास एका टेकडीभोवती पाणी चढलं आणि तिचं बेट झालं. तिथे १९५८ ते १९६० या काळात जॉन कॉफमन यांनी कोआटींच्या मागे अक्षरशः पायी फिरून नोंदी केल्या. त्या नोंदींतून चित्र स्पष्ट झालं. टोळीत असतात फक्त माद्या आणि पिल्लं. दोनेक वर्षांचा झाला की नर टोळीबाहेर पडतो आणि एकटा राहू लागतो. वेगळी जात वगैरे काही नव्हती. ते त्याच माद्यांचे मुलगे आणि भाऊ होते. महागडी उपकरणं नसताना केवळ चिकाटीने पाहत राहून मिळालेलं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

नराला बाहेर ठेवण्याचं एक कारण कठोर आहे: मोठे नर कधीकधी पिल्लं मारून खातात. वर्षातून एकदा, कोरड्या ऋतूत, एखाद्या नराला टोळी जवळ करते. तोही नमतं घेऊन येतो, माद्यांचं अंग साफ करतो. मीलनाचे काही आठवडे सरले की त्याला पुन्हा हुसकावतात. सुमारे अडीच महिन्यांनी प्रत्येक मादी टोळी सोडून झाडावर घरटं करते आणि तिथे विते. पिल्लं पाचेक आठवड्यांची झाली की त्यांना खाली उतरवते आणि टोळी पुन्हा एकत्र येते. घरट्यातले ते दिवस सगळ्यांत धोक्याचे. कोस्टा रिकात कॅपुचिन माकडं घरट्यांवर धाड घालून पिल्लं पळवतात.

१९९० च्या दशकात अभ्यासक मॅथ्यू गॉम्पर यांनी याच बेटावर एकटं राहण्याच्या आणि टोळीत राहण्याच्या फायद्या-तोट्याचा हिशेब मांडला. पाचोळ्यातला किडा एकट्यानेच शोधलेला बरा, वाटेकरी नसतात. फळांचं मात्र उलटं. आपल्या अंबाड्याचा जवळचा नातलग असलेलं एक झाड तिथे आहे. अशा झाडाखाली फळांचा सडा पडला की टोळी एकजुटीने नराला पळवून लावते. एकेकटी मादी त्याच्यापुढे लहान असते, पण पाच-सहा जणी मिळून आल्या की तो माघार घेतो.

डीएनए तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली. टोळी सोडलेला नर फार लांब जात नाही. मीलनाच्या दिवसांत तो दुसऱ्या टोळ्या शोधत दूर फिरतो, पण एरवी आईच्या टोळीच्या मुलखातच वावरतो. ज्या टोळीने सकाळी त्याला फळांवरून हाकललं, तिच्यात त्याची आई असू शकते.