खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळू घालावी का?

समुद्री मासे पाळायच्या तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीच्या तळाशी 3 सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर द्यायचा, तर सुमारे 12 लिटर, म्हणजे वजनात अंदाजे 18 किलो वाळू लागते. तोच थर 12 सेंटिमीटरचा केला, तर वजन 70 किलोंच्या घरात जाते आणि दीड फूट उंचीच्या टाकीतली पाव उंची वाळूच व्यापते. एकदा पाणी, खडक आणि मासे आत गेले की ही वाळू काढणे म्हणजे घर उभे असताना पाया उकरण्यासारखे असते. म्हणून हा निर्णय टाकी कोरडी असतानाच घ्यावा लागतो, आणि तो घेताना बहुतेक हौशी मंडळी चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतात, असे माझे मत आहे. ‘वाळूमुळे पाणी शुद्ध राहते का?’ हा तो प्रश्न.

प्रश्न निराधार नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. येथवरच्या कामाला प्राणवायू लागतो. नायट्रेटचे पुढे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू मात्र जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथेच ते काम करतात, आणि बारीक वाळूत काही मिलिमीटर खाली गेले की अशी जागा सापडू लागते. याच तत्त्वावर फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ जोबेर यांनी 1980च्या दशकात जाड थराची पद्धत विकसित केली आणि मोनॅकोच्या सागरी संग्रहालयातल्या प्रवाळांच्या टाक्यांमध्ये ती वापरली गेली. त्यांच्या रचनेत वाळू थेट काचेवर नसून जाळीवर असे आणि जाळीखाली पाण्याची पोकळी ठेवलेली असे. पुढे 2005 साली रॉबर्ट टूनेन आणि ख्रिस्तोफर वी यांनी वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या कणांचे, पोकळीसह आणि पोकळीविना असे थर प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा त्या पोकळीमुळे विशेष फरक पडत नसल्याचे दिसले.

मात्र हेच सगळे काम सच्छिद्र खडकाच्या आतही चालते. टाकीत पुरेसा लाइव्ह रॉक, म्हणजे असे जिवाणू वसलेला सच्छिद्र खडक, असेल, तर तळाची काच उघडी ठेवूनही अमोनिया आटोक्यात राहतो, आणि असंख्य टाक्या तशा चालतातही. म्हणजे गाळणयंत्र म्हणून वाळू उपयोगी आहे, पण अपरिहार्य नाही.

खरा प्रश्न आहे तो टाकीत कोण राहणार हा. हॅलिकोएरीस गणातले रॅस मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, आणि धोका वाटला की दिवसाही क्षणात तिच्यात बुडी मारतात. त्यांना निदान 5 सेंटिमीटरचा मऊ थर हवा. जॉफिश हा बिळात राहणारा मासा खडे आणि शिंपल्यांचे तुकडे तोंडाने रचून बिळाचे तोंड बांधतो. पिस्तूल कोळंबी आणि गोबी मासा यांची जोडी तर वाळूशिवाय पाहायलाच मिळत नाही. कोळंबी दिवसभर बीळ उपसत असते, नांगीने वाळू ढकलत बाहेर आणते, परंतु तिची नजर अधू असल्यामुळे तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी किंचित थरथरवली की ती उलट्या पावली बिळात दिसेनाशी होते. असे प्राणी आणून त्यांना उघड्या काचेवर सोडणे मला क्रूरपणाचे वाटते. वाळू चाळून खाणारा तारामासा मात्र लहान टाकीत वाळू असूनही बहुधा उपाशी मरतो, कारण वाळूतले खाद्यजीव तो लवकरच संपवतो.

याउलट ॲक्रोपोरासारखे प्रवाळ ठेवायचे असतील, तर पाण्याचा प्रवाह इतका जोरदार लागतो की बारीक वाळू उडून प्रवाळांवरच बसते. अशा वेळी मोकळी काच बरी. विष्ठा आणि उरलेले अन्न कोपऱ्यात जमते आणि सायफनच्या नळीने दोन मिनिटांत ओढून काढता येते. नव्या माशांना वेगळे ठेवण्याच्या टाकीत तर वाळू मुळीच नको. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी कोष करतो आणि त्या कोषातून नवे परजीवी बाहेर पडतात. शिवाय उपचारासाठी घातलेले तांबे चुनखडीची वाळू शोषून घेते, त्यामुळे औषधाची मात्रा टिकत नाही.

वाळू घालायचीच ठरली, तर अलिबाग किंवा मालवणहून पिशवी भरून आणण्याचा मोह टाळावा. कोकणातल्या वाळूत सिलिका आणि शंख-शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तर इल्मेनाइटचे काळे, लोहयुक्त कणही भरपूर आढळतात. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे: चुनखडीची वाळू जोराने फसफसते, सिलिकाचे दाणे ढिम्म राहतात. बाजारातली वाळू ॲरॅगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असते. बहामाजच्या उथळ समुद्रात तिचे गोल दाणे पाण्यातूनच साकळत तयार होतात. तिच्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) आपोआप राखला जातो, हा समज मात्र अतिरंजित आहे, कारण सामू 8च्या वर असताना ॲरॅगोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. ते विरघळते थराच्या आत, जेथे जिवाणूंच्या श्वसनामुळे सामू उतरलेला असतो.

जाडीबाबत माझा कल 3 ते 5 सेंटिमीटरकडे आहे. जुना जाड थर एकदम उकरला, तर आतल्या काळ्या पट्ट्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात मिसळतो, आणि तो माशांना घातक आहे. म्हणून जाड थर असेल तर त्याला हात न लावणेच उत्तम. पातळ थर दर आठवड्याला थोडा थोडा, एका वेळी एकच कोपरा असा, सायफनने स्वच्छ करता येतो. मांडणी करताना खडक आधी थेट काचेवर घट्ट बसवावेत आणि धुतलेली वाळू त्यानंतर त्यांच्याभोवती पसरावी. क्रम उलटा झाला, तर एखाद्या रात्री कोळंबी खडकाखालची वाळू उपसते आणि तो खडक तिच्यावर किंवा काचेवर कोसळतो.